छायाचित्रांतील कुटुंब व त्याचे मुके सोबती



प्रस्तुत महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या धर्मग्रामांतील घरोघरचीं जुनीं छायाचित्रें एकत्र करावीं असें जेव्हां ठरलें, तेव्हां तें काम आम्हांकडे सोंपविण्यांत आलें. कोणी भिंतीवरची तसबीर उतरवून दिली. कोणी पेटीच्या तळाशीं लुगड्याच्या घडींत जपून ठेविलेला पिंवळा पडलेला कागद आमच्या हातीं दिला. पहिल्या कोमुन्यांवचीं चित्रें आलीं, लग्नांचीं आलीं, पाद्रीबावांना मध्यें बसवून भोंवतीं उभ्या राहिलेल्या मंडळींचीं आलीं, आणि मृतपेटीभोंवतीं जमलेल्या शोकाकुल कुटुंबांचींही आलीं. हीं सर्व चित्रें टेबलावर मांडून पाहतांना एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. ज्या घरांचीं तीं चित्रें होतीं, तीं बहुतेक शेतकऱ्यांचीं घरें. त्या प्रत्येक घरीं दावणीस बैल, दाराशीं कुत्रा, अंगणांत कोंबड्या असावयाच्याच. परंतु चित्रांत मात्र जनावर म्हणून दिसेना.

या गोष्टीचा उलगडा आम्हांस एका वयोवृद्ध आजींनीं केला. त्यांनीं आपल्या लग्नाचें चित्र आणून दिलें. अंगणांत वधूवर उभे आहेत, भोंवतीं सोयरेधायरे आहेत, आणि चित्राच्या उजव्या कडेस, अगदीं जेथें कागद संपतो तेथें, एक लहानसें काळें टोंक दिसतें. आम्हीं तें कागदावरचा डाग समजलों होतों. आजी म्हणाल्या, "तो डाग नाहीं बाबा. तें आमच्या पवळ्याचें शिंग. वरात त्याच्याच गाडींतून आली होती. मामंजी म्हणाले, बैलजोडीही येऊं द्या फोटोंत. फोटोवाला म्हणाला, जनावर हालतें, माझी कांच फुकट जाईल. मग त्याला बाजूला बांधला." इतकें सांगून त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "लग्नाचें देणें फेडायला पुढच्या सालीं पवळ्या विकला. आतां त्याचें एवढेंच राहिलें."

तें टोंक पाहून आम्हांस प्रश्न पडला कीं, माणसांच्या सुखदुःखाच्या प्रसंगीं त्यांच्याबरोबर उभीं असलेलीं हीं मुकीं जनावरें चित्रांतून बाहेर कां राहिलीं, आणि जगांत कोठें कोणी त्यांस आंत घेतलें काय? त्या शोधांत आमची ज्या एका दूरदेशच्या छायाचित्रकाराशीं गांठ पडली, त्याची हकीकत वाचकांस सादर करण्याचा आमचा मानस आहे.

तत्पूर्वीं त्या फोटोवाल्यास न्याय देणें अवश्य आहे. तो खोटें बोलत नव्हता. छायाचित्रणाच्या कलेचा जन्मच मुळीं स्थिरतेच्या अटीवर झालेला आहे. फ्रान्स देशांत दागेर नांवाच्या कलावंतानें सन १८३८ च्या सुमारास पॅरिस शहरांतील एका हमरस्त्याचें चित्र खिडकींतून घेतलें. रस्त्यावर घोडागाड्यांची रहदारी चालू होती. परंतु चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास कित्येक मिनिटें लागत असल्यामुळें जें जें हाललें तें तें नाहींसें झालें. रस्ता ओस पडल्यासारखा दिसतो. एक मनुष्य तेवढा बूट पुसून घेण्यासाठीं एका जागीं उभा राहिला होता. तो आणि त्याचे बूट पुसणारा, दोघांच्याच आकृति उमटल्या. मनुष्य दिसूं लागला असें हें जगांतील पहिलें चित्र मानितात. आणि त्यांत मनुष्य राहिला व घोडे पुसले गेले, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें सन १८५१ मध्यें इंग्लंडांत आर्चर यानें कांचेवर ओला लेप देऊन चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि मिनिटांचें काम सेकंदांवर आलें. तथापि माणसाचेंही डोकें हालूं नये म्हणून त्याच्या मानेमागें लोखंडी टेकू ठेवावा लागे. मग जनावराची काय कथा! लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील पाणघोड्याचें जें चित्र सन १८५२ मध्यें घेतलें गेलें, तें साधलें याचें कारण एवढेंच कीं, तो प्राणी त्या वेळीं निजलेला होता. शिवाय ओली कांच तेथल्या तेथें तयार करून ती वाळण्यापूर्वीं धुवावी लागे; म्हणून अंधारी कोठडी बरोबर वागविल्याशिवाय घराबाहेर चित्र घेण्याची सोय नव्हती. सन १८७१ मध्यें मॅडॉक्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें कोरड्या कांचेची युक्ति सुचविली. त्या युक्तींत सुधारणा होत होत सन १८८० च्या सुमारास तयार कांचा दुकानांत विकत मिळूं लागल्या. त्या पेटींत भरून कोठेंही न्याव्या, क्षणभर उघडाव्या आणि सवडीनें घरीं येऊन धुवाव्या. येणेंप्रमाणें कॅमेरा अंगणांत, शेतांत आणि गोठ्यापाशीं जाण्यास मोकळा झाला. ज्या गृहस्थाची हकीकत आम्ही सांगणार आहों, तो नेमका याच काळचा.

त्याचें नांव सॉलोमन बुचर. जन्म सन १८५६, व्हर्जिनिया प्रांताच्या पश्चिम भागांत. लहानपण इलिनॉय संस्थानांत गेलें, आणि तेथेंच पत्र्यावर चित्रें घेणाऱ्या एका कारागिराजवळ त्यानें हें काम शिकून घेतलें. सन १८८० मध्यें तो आपल्या बापाच्या कुटुंबाबरोबर नेब्रास्का संस्थानांतील कस्टर नांवाच्या परगण्यांत आला. त्या काळीं अमेरिकेच्या सरकारानें सन १८६२ च्या कायद्यानें असें ठरविलें होतें कीं, जो कोणी १६० एकर पडीत जमीन घेऊन तीवर घर बांधील, पांच वर्षें राहील आणि ती लागवडीस आणील, त्यास ती जमीन नाममात्र फी घेऊन द्यावी. या आशेनें हजारों कुटुंबें त्या ओसाड माळावर उतरलीं. तेथें झाड म्हणून नव्हतें. मग घरास लांकूड कोठून यावें? लोक नांगरानें हरळीची जमीन मुळांसकट कापीत, तिच्या लाद्या करीत आणि विटांप्रमाणें एकावर एक रचून भिंती उभारीत. छपरावरही तीच माती. पाऊस आला म्हणजे आंत चिखल गळे, आणि उन्हाळ्यांत छपरावर गवत व फुलें उगवत. चुलीस सर्पण नसल्यामुळें रानगव्यांचें व गुरांचें वाळलेलें शेण जाळीत. ज्यांच्या घरीं शेणी थापल्या जात होत्या, त्या आपल्या वडीलधाऱ्यांस हें ऐकून त्या परक्या लोकांविषयीं सहज आपलेपणा वाटला असता.

बुचर याच्या हातून शेती झाली नाहीं. त्यानें घेतलेली जमीन सोडून दिली. कांहीं काळ तो मिनियापोलिस शहरीं वैद्यक शिकण्यास गेला; तेंही अर्ध्यावर राहिलें. लग्न करून तो पुनः माळावर आला, शाळामास्तरकी केली, पैसा सांठवून कॅमेरा घेतला. जगाच्या दृष्टीनें हा मनुष्य कोणत्याच धंद्यांत टिकला नाहीं असेंच म्हणावें लागेल. परंतु सन १८८६ मध्यें त्याच्या मनांत एक कल्पना आली आणि तिनें त्याची झोंप उडविली. आपण ज्या लोकांत राहतों ते ओसाड भूमि वसवीत आहेत. थोड्याच वर्षांत हीं मातीचीं घरें जाऊन लांकडाचीं येतील, म्हातारीं माणसें मरतील, आणि हें सारें कसें होतें याची खूण राहणार नाहीं. तर मग परगण्यांतील प्रत्येक घरीं जावें, त्या कुटुंबाचें चित्र घ्यावें, त्यांची हकीकत लिहून घ्यावी आणि सर्वांचा मिळून एक ग्रंथ करावा. लोकांनीं त्यास वेड्यांत काढिलें. त्यानें घोडागाडींत कॅमेरा, कांचांची पेटी व कागद भरले आणि तो निघाला. जेथें सांज होई तेथें त्या घरचें जेवण व बिछाना मिळे. कोणी वर्गणी देई, कोणी नुसताच आशीर्वाद. सुमारें सात वर्षांत त्यानें १५०० च्या आसपास चित्रें घेतलीं.

या चित्रांत आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे. बुचर याच्या जवळ रंगविलेला पडदा नव्हता, खुर्ची नव्हती, संगमरवरी खांबांचा देखावा नव्हता. मातीच्या घराच्या आंत इतका अंधार असे कीं तेथें चित्र घेणें कठीण. तेव्हां सर्व कांहीं बाहेर आणावें लागे. कुटुंब दारापुढें बसे, आणि जें जें त्या कुटुंबास मोलाचें वाटे तें तें शेजारीं मांडिलें जाई. टेबल, घड्याळ, शिवणाचें यंत्र, पक्ष्याचा पिंजरा. आणि या सर्वांपेक्षां अगत्यानें आणिलीं जात तीं जनावरें. घोड्यांची जोडी, खेंचरें, गाय, वासरूं, कुत्रा. कित्येक चित्रांत घरधनी घोड्यांच्या लगामी हातीं धरून उभा आहे, आणि माणसें व जनावरें एकाच ओळींत कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. कोठें एखाद्या घोड्यानें मान झटकली असेल तर तेथें धुक्यासारखी पुसट आकृति उमटलेली असे. बुचर यानें त्यासाठीं कोणास बाजूला बांधावयास सांगितलें नाहीं.

उत्तरेकडील सार्जेंट नांवाच्या गांवाजवळ रॉडिंग यांचें घर होतें. सन १८८६ चें त्यांचें चित्र फार प्रसिद्ध आहे. टेंकडीच्या उतारांत अर्धें खणून केलेलें घर. पुढें टेबल मांडिलें आहे व त्यावर कापलेलें कलिंगड आहे. आई, बाप व मुलें भोंवतीं बसलीं आहेत. बाजूस खेंचरांची जोडी जुंपलेली आहे. आणि पाठीमागें टेंकडीवर चरत आलेली गाय अशा जागीं उभी राहिली आहे कीं ती घराच्या छपरावरच चढलेली वाटते. चित्र पाहणारास हंसूं येतें. पण जरा वेळ पाहत राहिलें म्हणजे त्या हंसण्याचें रूप पालटतें. दुधाची गाय, औताची जोडी, मळ्यांत पिकलेलें फळ आणि धडधाकट लेंकरें, एवढाच त्या मातीच्या घराचा जमाखर्च. आणि तो त्यांनीं उजेडांत आणून मांडला आहे.

दुसरें एक चित्र हिल्टन नांवाच्या कुटुंबाचें. त्या घरच्या बाईनें पायपेटी घेतली होती. पूर्वेकडील आप्तांस चित्र पाठवावयाचें, पण आपण मातीच्या घरांत राहतों हें त्यांस दिसूं नये, अशी तिची व तिच्या वडील मुलीची इच्छा. तेव्हां ती जड पेटी बाहेर ओढून गुरांच्या आवारांत आणिली, तिच्याभोंवतीं सर्वजण उभे राहिले, चित्र घेतलें, आणि पेटी पुनः घरांत गेली. घराची लाज वाटली खरी, परंतु गुरांच्या आवाराची वाटली नाहीं. शेतकऱ्याच्या मनाची ही गोष्ट ज्यांच्या घरीं गुरें होतीं त्यांस अधिक सांगण्याची जरूर नाहीं.

क्रिसमन घराण्यांतील चार बहिणींचेंही एक चित्र आहे. मातीच्या घरापुढें चौघी ओळीनें उभ्या असून खोगीर घातलेले घोडे जवळ आहेत. त्या काळीं या कायद्यानें अविवाहित स्त्रीसही आपल्या नांवें जमीन मागतां येत असे. एकट्या तरुण स्त्रीस त्या माळावर शेजार म्हणजे कोसांच्या अंतरावर. घोडा हाच तिचा सोबती आणि तोच तिचा भरंवसा. म्हणून तो चित्रांत आहे, शोभेसाठीं नव्हे.

वेस्टरव्हिलजवळील शोअर्स कुटुंबाचें सन १८८७ चें चित्र पाहतांना तर मन गंभीर होतें. कुटुंबाचा कर्ता जेरी शोअर्स हा पूर्वाश्रमीं गुलाम होता. गुलामगिरीच्या काळीं अमेरिकेंतील जमीनदारांच्या मालमत्तेच्या याद्यांत गुलामांचीं नांवें गुराढोरांच्या जवळच लिहिलीं जात, व त्यांपुढें किंमत मांडिली जाई. असा मनुष्य येथें आपल्या मालकीच्या भूमीवर, आपल्या घरापुढें, आपल्या माणसांत बसून निर्भयपणें कॅमेऱ्याकडे पाहत आहे. ज्याची गणना एके काळीं वस्तूंत झाली, तो आतां गृहस्थ आहे. आणि छायाचित्र ही त्याची सनद आहे.

सुखाचेच प्रसंग बुचर यानें घेतले असें नाहीं. सन १८८७ च्या एका चित्रांत अँड्र्यूज नांवाचें कुटुंब एका लहानशा थडग्याजवळ उभें आहे. एकोणीस महिन्यांचें त्यांचें मूल तेथें पुरलेलें. भोंवतीं दऱ्या व झाडी; दुसरें मनुष्य नाहीं. त्या देशांत मुलाचें चित्र जिवंतपणीं घेणें सर्वांस साधत नव्हतें. म्हणून पुढें आठवणीसाठीं थडग्याचेंच चित्र घ्यावें लागलें. पुढच्याच सालीं, सन १८८८ च्या १२ जानेवारीस, त्या माळावर असें हिमवादळ झालें कीं शाळेंतून घरीं निघालेलीं मुलें वाटेंत गोठून मेलीं, आणि गुरें उघड्यावर जागच्या जागीं मेलीं. माणसांचा व जनावरांचा मृत्यु तेथें एकाच रात्रीं एकाच वाऱ्यानें आला. अशा लोकांस आपलीं जनावरें चित्रांत असावीं असें वाटलें, यांत नवल तें काय?

परंतु इतिहास लिहिणाऱ्यानें केवळ प्रेमानें लिहूं नये. म्हणून या चित्रांत जें नाहीं तेंही सांगितलें पाहिजे. ती भूमि सरकारी कागदांत पडीत होती, तरी खरोखर निर्मनुष्य नव्हती. पॉनी, लकोटा इत्यादि मूळचे लोक तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहत व शिकार करीत आले होते. पॉनी लोकांस तर सन १८७० नंतरच्या दशकांत नेब्रास्कांतून हलवून दक्षिणेकडे नेण्यांत आलें. ज्या रानगव्यांच्या शेण्या पहिल्या वसाहतवाल्यांनीं चुलीस लाविल्या, त्यांचे लाखोंचे कळप बंदुकांनीं मारून सन १८८० नंतरच्या थोड्याच वर्षांत जवळ जवळ नामशेष झाले. दागेराच्या रस्त्यांतून घोडे पुसले गेले ते यंत्राच्या मंदपणामुळें; या माळावरून ते लोक व ते कळप पुसले गेले ते मनुष्यांच्या करणीनें. बुचर याचीं चित्रें पाहतांना हें विसरूं नये.

तसेंच बुचर सर्वथैव यथातथ्य चित्रें घेई असेंही नाहीं. सन १८७६ मध्यें टोळांनीं पिकें फस्त केलीं होतीं, तेव्हां त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता व तो त्या देशांतही नव्हता. पुढें त्यानें स्वेन फिंच नांवाच्या जुन्या शेतकऱ्यास शेतांत उभें करून तो प्रसंग नटविला, आणि टोळ मात्र कांचेवर स्वतःच्या हातानें काढिले. आज तें पाहून कोणी फसणार नाहीं. पण ज्याच्या चित्रांवर आम्ही विश्वास ठेवावयाचा, त्याच्या हातचें हें कामही आम्हांस ठाऊक असलें पाहिजे.

अवर्षणांनीं व मंदीनें लोक गांजले, वर्गणी आटली, आणि सन १८९२ च्या सुमारास बुचर याचें भ्रमण थांबलें. पुढील घाला अधिक कठोर होता. सन १८९९ मध्यें त्याच्या घरास आग लागली. कित्येक वर्षें घरोघर बसून लिहून घेतलेल्या हकीकती, सर्व हस्तलिखितें, एका दिवसांत जळालीं. कांचा मात्र धान्याच्या कोठारांत ठेविलेल्या होत्या, म्हणून त्या वांचल्या. दुसरा कोणी असता तर येथेंच हात जोडून बसला असता. बुचर यानें पुनः लोकांकडे जाऊन हकीकती मिळविण्यास आरंभ केला. वर सांगितलेल्या फिंच यानेंच छपाईच्या पैशाची हमी घेतली. आणि सन १९०१ मध्यें कस्टर परगण्याच्या वसाहतीचा इतिहास सचित्र प्रसिद्ध झाला. पुढें नेब्रास्काच्या ऐतिहासिक मंडळानें त्याच्या तीन हजारांहून अधिक कांचा विकत घेतल्या. त्यानें नंतर हातीं घेतलेले उद्योग फसत गेले आणि सन १९२७ मध्यें कोलोरॅडो संस्थानांत तो निवर्तला. आज त्या देशांतील वसाहतीच्या काळाचा इतिहास त्याच्या चित्रांवांचून लिहितां येत नाहीं. अलीकडे त्या कांचा संगणकाच्या साहाय्यानें मोठ्या करून पाहतां, पूर्वीं निव्वळ काळ्या दिसणाऱ्या दारांच्या आंतील सामानसुमान दिसूं लागलें आहे. कांचेनें तें शंभर वर्षें जपलें होतें. पाहणारा तेवढा हवा होता.

आतां आपल्या देशाकडे वळूं. ही कला आपल्याकडे उशीरा आली असें कोणी समजूं नये. सन १८४० मध्येंच कलकत्त्यास कॅमेरे विक्रीस आले होते. मुंबईंत सन १८५४ मध्यें छायाचित्रकारांची संस्था निघाली, आणि पुढील सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांत या विषयाचा वर्ग सुरू झाला. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी यांनीं त्या काळांत या कलेंत नांवलौकिक मिळविला. म्हणजे बुचर नेब्रास्कांतील माळावर येण्यापूर्वींच मुंबईच्या लोकांस कॅमेरा परिचित होता. परंतु तो कोणाकडे वळला? सन १८६८ पासून १८७५ पर्यंत सरकारनें हिंदुस्थानच्या लोकांविषयीं आठ खंडांचा सचित्र ग्रंथ काढिला. त्यांत शेंकडों माणसें आहेत; परंतु बहुतेकांच्या खालीं त्यांच्या जातीचें वा जमातीचें नांव लिहिलें आहे, त्यांचें स्वतःचें नाहीं. राज्य करणाऱ्यास नमुना हवा होता, मनुष्य नको होता. दुसऱ्या बाजूस सधन घराण्यांनीं चित्रशाळेंत जाऊन आपलीं चित्रें घेतलीं. तेथें झालरीचा पडदा होता, पण गोठा कोठून असणार? मधल्या शेतकऱ्याच्या अंगणांत कॅमेरा आला तो फार उशीरां, लग्नाच्या वा मृत्यूच्या दिवशीं, ठराविक पैसे घेऊन एकदोन कांचांपुरता. अमेरिकेंत सन १८८८ मध्यें ईस्टमन यानें हातांत धरावयाचा कॅमेरा काढिला व सन १९०० मध्यें एक डॉलर किंमतीचा लहान डबाही विकावयास आणिला. त्यामुळें तिकडे मुलें आपल्या कुत्र्यामांजरांचीं चित्रें स्वतः घेऊं लागलीं. आमच्या अंगणांत मात्र एकच कांच होती, आणि ती फुकट जाऊं नये म्हणून पवळ्यास बाजूला बांधावें लागलें.

वाचकहो, बुचर याच्या हकीकतींतून आम्हीं स्वतःपुरते दोन धडे घेतले. पहिला असा कीं, ज्यांच्या श्रमावर घर उभें राहिलें त्यांस चित्रांत जागा द्यावी. नाताळांत गोठा मांडितांना बैल व गाढव ठेविल्याशिवाय आपणांस तो पुरा झाला असें वाटत नाहीं. सन १२२३ मध्यें ग्रेच्चो गांवीं संत फ्रान्सिस यांनीं खरे बैल व गाढव आणून तो देखावा केला, तेव्हांपासून लहान मुलांसही हें कळतें. मग आपल्या घराचा इतिहास मांडितांना तीं कां गळावीं? आज प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनींत कॅमेरा आहे, कांच फुकट जाण्याचें भय उरलें नाहीं. परंतु दावणी मात्र रिकाम्या झाल्या आहेत. ज्या थोड्या घरीं अजून गाय आहे, बैल आहे, किंवा म्हातारा झालेला कुत्रा दाराशीं पडून आहे, त्यांनीं घरच्या मंडळींसह त्याचें चित्र घ्यावें. तो प्रसंग पुनः येत नाहीं.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. बुचर याच्या कांचा वांचल्या, हकीकती जळाल्या. केवळ चित्र राहिलें आणि नांव गेलें तर दोन पिढ्यांत आपलेंच माणूस परकें होतें. आमच्या टेबलावर आलेल्या चित्रांपैकीं कित्येकांतील माणसें कोण, हें तें चित्र देणारासही सांगतां आलें नाहीं. म्हणून आमची सर्वांस नम्र विनंति आहे कीं, घरीं असलेलें प्रत्येक जुनें चित्र वृद्ध माणसांपुढें ठेवावें, त्यांतील माणसांचीं नांवें, गांव व साल विचारून घ्यावें, आणि मऊ पेन्सिलीनें पाठीमागें लिहून ठेवावें. शाईनें लिहूं नये. ती कागदांतून पुढें उतरते. चित्रें ओलसर भिंतीस लावूं नयेत. आपल्या दमट हवेंत त्यांस बुरशी येते.

आजींचें चित्र आम्हीं त्यांस परत नेऊन दिलें, तेव्हां त्यांच्यापुढेंच तें उलटें करून त्या सांगतील तसें लिहीत गेलों. वधूवरांचीं नांवें झालीं, सासूसासऱ्यांचीं झालीं, मामामावशांचीं झालीं. आम्हीं पेन्सिल खालीं ठेविली. आजी म्हणाल्या, "आणि त्याचें?" आम्हीं कडेच्या त्या लहानशा काळ्या टोंकामागें, ठीक त्याच जागीं, "पवळ्या" असें लिहिलें. त्यांनीं तें वाचून पाहिलें, चित्र पुनः लुगड्याच्या घडींत ठेविलें आणि पेटीचें झांकण लाविलें.